पुसल्याबिगर वास्ते नाई

खरं सांगते, छातीवर हात ठेवून सांगते, अन् भर गुजरीत उभी राहून वरडून सांगाले बी तयार हाय: ह्यातला शब्द न् शब्द खरा. एक बी खोटा निंघाला तं माह्या जिभेवर तरोटा उगवो अन् तो शेजारनीच्या बकरीनं चरून खावो. ह्याच्याहून मोठी शपथ कोनाले पायजे असन तं त्यानं दुसरी बुढी पाहावी.

तं गोष्ट केसरबाईची.

ऊर्जानगरच्या कॉलनीच्या गेटापुढं रोज दिवस कलला का गुजरी भरते. प्लांटाची ड्यूटी सुटते, कंपनीच्या बसा थांबतात, फटफट्या थांबतात, अन् साहेब काय, बाबू काय, सारे भाजीची थैली भरूनच क्वार्टरकडे जातात. त्या गुजरीत केसरबाई बावीस वर्षं एकाच जाग्यावर बसे. जागा म्हंजे काय, एक पोतं अंथरता येईन एवढी जमीन. पन लोकं पत्ता सांगताना म्हनत, केसरबाईच्या पुढून उजवीकडे वळा.

ती विके रानभाजी. पावसाळ्यात तरोटा, काटवलं, धोप्याची म्हंजे अळूची पानं, सात्या म्हंजे अळंबी, अन् मंग वास्ते. वास्ते म्हंजे बांबूचे कवळे कोंब, जमिनीतून हातभर वर आले का खुडाचे. ते यायचे गडचिरोलीकडून. तिकडे सोमारी नावाची गोंडाची बाई तिची मैतरीन. जवानीत दोघी रस्त्याच्या कामावर संगं गिट्टी वाहात होत्या, तवापासून सोमारीचं पोतं सकाळच्या बसवर चढे अन् केसरबाई ते स्टँडावर उतरवून घे.

केसरबाईचं नाक असं, का मेथीची जुडी हुंगून सांगे ही कोन्या विहिरीच्या पान्यावर वाढली ते. एकदा तिनं एक भोपळा हुंगला अन् म्हने, ह्याच्या वेलाखाली कुत्री व्याली हाय. जाऊन पाह्यलं तं पाच पिल्लं. अन् ह्या नाकाच्या वर तिचा एक नेम होता. जे सकाळी आपल्या ताटात पडलं नाई, ते संध्याकाळी पाटीत पडनार नाई. आधी आपन खाचं, मंग लोकायले द्याचं. हे साऱ्या कॉलनीले मालूम होतं, म्हनून तिच्याजवळची भाजी कोनी निवडून पाहात नसे. पाटीतून थैलीत, थैलीतून घरी.

पन त्या वर्षी हवाच बिघडली. लोकायच्या फोनवर व्हिडिओ येऊ लागले. कोनी वाटाने हिरव्या रंगात बुचकळून राह्यला, कोनी बाई पालक नालीच्या पान्यात धून राह्यली. कुठचा नालीचा व्हिडिओ, कोन्या गावचा वाटाना, कोनालेच मालूम नाई. तरी कॉलनीतल्या बाया परवर नखानं खरडून पाहू लागल्या, वांगं उन्हात धरून पाहू लागल्या. एका बाईनं तं गोविंदाचा टमाटा पदरानं एवढा घासला का त्याची साल पदराले लागून गेली. गोविंदा केसरबाईच्या बाजूले बसे, आलू-कांदे-टमाटे घेऊन. तो म्हने, बाई, तुमी टमाटा घ्या, नाई तं पदर धुवाचे पैसे मी देतो.

अशा दिवसात एका बुधवारी निरोप फिरला. गेटवरची रानभाजी खाऊन एक घर दवाखान्यात.

घर होतं रिना मॅडमचं. नवऱ्याची बदली झाली म्हनून दोन महिन्याआधी नाशिककडून आलेली. मंगळवारी तिनं केसरबाईजवळून वास्ते घेतले, अन् जेवन झाल्यावर ती, तिचा नवरा अन् सासू, तिघायले वांत्या, चक्कर, डोकं गरगर. दवाखान्यात सलाईन लावली. बुधवारी दुपारी तिघं घरी आले बी. पन निरोप काई घरी येत नाई. पहिल्या गल्लीत तिघं होते, दुसऱ्या गल्लीत तेरा झाले. टाकीजवळच्या क्वार्टरात पोचला तवर केसरबाई वास्ते ताजे दिसावे म्हनून शेतात माराच्या औषधात भिजवते असं झालं. एकानं त्या नालीच्या व्हिडिओतली पाठमोरी बाई दाखवली अन् म्हने, पाहा, पाठ केसरबाईचीच हाय.

केसरबाईच्या सुनेनं, साक्षीनं, तो व्हिडिओ तिले दाखवला. केसरबाईनं तो डोळ्याजवळ धरला, लांब धरला, अन् म्हने, "माही पाठ मी जल्मात पाह्यली नाई, ह्यायनं कशी ओळखली वं?"

हासली खरी. पन गुरुवारी गुजरीत बसली तवा हासू गेलं. बसा थांबल्या, लोकं उतरले, अन् तिच्या पोत्यापुढं येऊन असे वळले जसं तिथी खड्डा हाय. बावीस वर्षं ज्यायले तिनं वरून मूठभर तरोटा टाकून देल्ला, त्या बाया रस्त्याच्या पल्ल्याडून गेल्या. अन् तिच्या आजूबाजूचे बी बुडाले. गोविंदाचे आलू तसेच राह्यले.

गुजरीच्या कमिटीचा मुख्या म्हंजे नानाजी. मानूस गरीब, पन कॉलनीच्या लोकायले भे. तो आला, तिच्यापुढं उकिडवा बसला, अन् जमिनीकडे पाहून बोलला. कॉलनीवाल्यायनं सांगतलं हाय म्हने, रविवारपर्यंत काय झालं ते समजलं नाई तं गेटावरची सारी गुजरीच उठवा. चाळीस घरायच्या पोटाचा सवाल हाय. रविवारी सारे जमतीन. तवर केसरबाई बसू शकते, पन तिले स्वतःच उठावं वाटलं तं कोनी तिले वाईट म्हननार नाई.

म्हंजे उठ.

घरी लहानू, तिचा नवरा, जुड्या बांधाच्या सुतळ्या वळून राह्यला होता. त्यानं पुरी गोष्ट ऐकली अन् म्हनला का वरोऱ्याच्या बाजारात बसू, रेल्वेनं जाऊ-येऊ, तिथी आपल्याले कोनी ओळखत नाई.

"ओळखत नाई म्हनून जाचं?" केसरबाई म्हने. "चोर बी तसाच जाते."

"मंग काय करतं?"

"बसते."

गोविंदानं दुसरी वाट सांगतली. त्याचं डोकं चाले, फक्त कोनीकडे चालन ते सांगता येत नसे. तो म्हने, माल तुहा थोडी हाय, सोमारीचा हाय. नाव तिचं सांग. ती जंगलात राह्यते, तिले कोन इचाराले जाते? केसरबाईनं त्याच्याकडे असं पाह्यलं का तो आपल्या टमाट्यायले पानी शिंपडू लागला. ती म्हने, सोमारीनं मले देल्लं, मी लोकायले देल्लं. माह्या हातातून गेलं ते माहं.

आता डोकं लावून पाहा. सोमारीच्या पोत्यातले वास्ते केसरबाईनं मंगळवारी सकाळी स्वतः खाल्ले होते, नेमानं. लहानूनं खाल्ले, साक्षीनं खाल्ले. त्याच पोत्यातले चार कोंब उरले होते, ते तिनं गुरुवारी पुन्हा रांधले अन् चन्याच्या डाळीत घालून एकटीनं खाल्ले. लहानू भाकर हातात धरून तिच्या तोंडाकडे पाहात बसला, का आता पडते का मंग पडते. ती ढेकर देऊन उठली. मंग वास्ते तं चांगले. पोतं चांगलं. आपन तिघं तेच खातो अन् काई होत नाई, त्यायचं घर पडते. म्हंजे वास्ता आपल्या पाटीतून उतरला अन् त्यायच्या ताटात गेला, ह्या मधातल्या वाटेवर काईतरी झालं. ती वाट पाहाले पायजे.

शुक्रवारी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं अन् रिना मॅडमच्या क्वार्टरले गेली. बिमार मानसाकडे जाताना हातात काईतरी न्याव लागते, पन केसरबाईच्या हातची कोथिंबीर बी आता कोनी घेतली नसती. मोकळ्या हातानं गेली. तीन जिने चढली. बेल दाबली.

रिना मॅडमनं आतलं दार उघडलं, बाहेरची लोखंडी जाळी उघडली नाई. पोरगी तिशीची, चेहरा उतरलेला, केस बांधलेले. मांगून सासूचा आवाज आला का कोन हाय, अन् कोन हाय ते समजल्यावर सासू पोलीस, वकील, पेपरवाले, साऱ्यायची नावं घेऊ लागली. केसरबाई तिचं होईपर्यंत थांबली.

"आता काय बघायला आलात?" रिना म्हनली.

"पाहाले नाई आली, मॅडम. एक गोष्ट पुसाची हाय. ते वास्ते तुमी रांधले कसे?"

रिनाले रागच आला. तिले वाटलं ही मलेच चूक ठरवाले आली. ती म्हनली का आमच्याइतकी स्वच्छता ह्या कॉलनीत कोनी पाळत नसन. अन् मंग सांगू लागली, बोटं मोजत. कोंब आधी मिठाच्या पान्यात धुतले. मंग सोड्याच्या पान्यात धुतले. मंग कोमट पान्यात. औषधाचा एक थेंब बी राहू नये म्हनून. मंग पुसून, लांब लांब कापून, ढोबळ्या मिरचीसंगं मोठ्या आगीवर पाच मिनिटं परतले. दातात कुरुम वाजले पायजे असे. फोनवर एक बाई करून दाखवत होती तसेच. त्या बाईनं डब्यातले घेतले होते, रिनाले वाटलं आपले ताजे, म्हंजे जास्तच चांगले.

केसरबाई जिन्याच्या पायरीवर बसून गेली.

"भिजवले नाई?"

"भिजवायचे असतात?"

"उकडून पानी फेकलं नाई?"

"पाणी फेकलं की सत्त्व जातं ना सगळं."

आता हे आयका. आमच्या झाडीपट्टीत वास्ता सोलून, पातळ चिरून, रातभर पान्यात ठेवतात. सकाळी ते पानी फेकतात, दुसरं घालतात, ते बी फेकतात. मंग गंजावर झाकन न ठेवता उकळतात अन् ते बी पानी फेकतात. तवा कुठी तो खाचा होते. कच्च्यात जहर असते त्याच्या. केसरबाईची माय ते पहिलं पानी असं लांब नेऊन टाके का कोंबडीनं चोच बुडवू नये. हे कोनी कोनाले शिकवत नाई. चालाले जसं शिकतो तसं येते. बावीस वर्षं ज्यायनं तिच्याजवळून वास्ते नेले ते सारे इकडचेच, कोनाची माय मूल गावची, कोनाची आजी धानोऱ्याची. बाहेरचे लोकं टमाटे घेत. ही पोरगी पहिली, जिनं पाटीतल्या वास्त्याले हात लावून हे काय म्हनून पुसलं. केसरबाईले एवढा आनंद झाला का तिनं वरून दोन कोंब जास्तीचे टाकले. अन् सांगतलं काय? भाजी बहुत गोड लागते म्हनून.

पोरगी बाहेरचं जहर धूत राह्यली, तीन-तीन पान्यानं. जहर आतमंधी होतं.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" रिना जाळीतून म्हनली. आता आवाजात राग कमी होता.

केसरबाईच्या जिभेवर जवाब तयार होता. तुमी पुसलं काऊन नाई? लय चांगला जवाब होता. ह्या एका जवाबावर रविवारची बैठक जितता आली असती. तिनं तो तोंडात घोळवला, अन् गिळला.

"चुकलं माहं," ती म्हने. "मले वाटलं तुमाले मालूम असन."

रिना जाळीजवळ आली.

"म्हणजे ते विषारीच असतं. आणि तुम्ही विकता?"

"चुलीतला इस्तो बी हात जाळते, मॅडम. त्याच्यासाठी चूल कोनी फोडत नाई, पोराले शिकवते. मी शिकवलं नाई. तेवढंच सांगाले आता बसली."

रिनानं दार लावून घेतलं. केसरबाईनं बंद दारालेच पुरी रीत सांगतली, सोलन्यापासून झाकनापर्यंत, अन् तीन जिने उतरली, एकेक पायरी मोजून.

गोविंदाले हे समजलं तवा तो टुनकन उडाला. जितलीस म्हने केसरबाई, मॅडमले रांधता येत नाई हे सांगून टाक, काम खतम. केसरबाई म्हने, तसं नाई सांगत. लोकायनं भाजीचं पुसाचं कोनाले? जो विकते त्याले. मी सांगनार का वास्त्यात जहर असते अन् मी सांगाची राहून गेली. गोविंदानं कपाळ धरलं. त्याचं म्हननं, आधीच लोकं टमाटा घासून राह्यले, त्यायच्यापुढं तू जहर हा शब्द काढशील तं वास्ते तं वास्ते, माहा आलू बी कोनी घेनार नाई. दूध नासलं होतं म्हन, पानीपुरी खाल्ली होती म्हन, काईबी म्हन. नानाजी बी तेच म्हनून गेला. लहानू वरोऱ्याच्या गाडीचा टाइम विचारून आला.

शुक्रवारीच संध्याकाळी केसरबाईनं सोमारीले फोन लावला. सोमारीनं आयकलं अन् ती एवढी हासली का तिकडचे कुत्रे भुकू लागले. वास्ता न भिजवता खाल्ला? मानसानं? मंग हासनं थांबवून म्हने, उद्याचं पोतं पाठवू का नको? केसरबाई म्हने, पाठव. नेहमीचं नको, मोठं पाठव.

रविवारी गुजरीत गर्दी अशी झाली का कंपनीची बस वळाले जागा नाई. डायव्हरनं ती मांगं मांगं नेली, नेली, ते पार दुर्गापुरात जाऊन थांबवली. लोकं फोन वर धरून उभे. जितके मानसं तितके फोन, अन् एका बाबूच्या हातात तं दोन. नानाजी खुर्चीवर उभा राहून बोलू लागला, आपल्या गुजरीची परंपरा, ग्राहक हा राजा, असं काई काई. केसरबाईनं त्याले हातानं खाली बसवला.

तिनं पोत्यावर तीन गंज मांडले. शेजारी जेवनाचा डबा ठेवला. साऱ्यायच्या नजरा तिच्या हातावर होत्या, अन् केसरबाईचा हात जरा बी हालला नाई. तिनं पहिल्या गंजावरचं फडकं काढलं. आत चिरलेले वास्ते अन् रातीचं पानी, पिवळट, उग्र वासाचं. पुढच्या दोन बायायनं हुंगलं अन् नाकाले पदर लावला. दुसऱ्यात दुसरं पानी. तिसऱ्यात उकडून पिळलेले वास्ते, पांढरे, मऊ.

"हे पहिलं पानी जहर," ती म्हनली. सांगताना आवाज चढवला नाई, पन गेटावरच्या वाचमनलेही आयकू गेलं. "कच्चा वास्ता जहर. मी खाल्ला तं मले वांती होईन, साहेबायनं खाल्ला तं साहेबायले होईन. वास्ता कोनाची पोस्ट पाहात नाई. रिना मॅडमच्या घरी तेच झालं. भाजीत कोन्या औषधाचा थेंब नव्हता. पन मी त्यायले सांगतलं नाई का हे भिजवाव लागते. ती चूक माही."

मंग डबा उघडला अन् त्यातले रांधलेले वास्ते डाळीसंगं, साऱ्या फोनायपुढं, जेवाले बसल्यावानी आरामात खाल्ले.

गोविंदानं डोळे मिटले. एक बाई तं आपल्या थैलीतला कांदा बी काढून पाहू लागली. मंग पुढून एक साहेब बोलले, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. म्हंजे तुमी कबूल करता का तुमी जहर विकलं.

"अर्धी भाजी विकली, साहेब," केसरबाई म्हने. "वास्ता देल्ला, रीत देल्ली नाई. आजपासून रीत सांगून दाखवल्याबिगर ह्या पाटीतला वास्ता कोनाले भेटनार नाई."

साहेबाले वाटलं हिले इथीच पकडू. म्हनले, बरं, द्या मला अर्धा किलो.

"कसा रांधसान?"

"बायको करते."

"मंग बायकोले पाठवा."

मांगून कोनीतरी फिस्सकन हासलं. साहेबाचा चेहरा रागानं फुगून धोप्याच्या पानाएवढा झाला. त्यायनं पाकीट काढलं, म्हनले पैसे देतोय ना मी.

"पैशानं वास्ता उकडत नाई, साहेब."

आता हासनं लपून राह्यलं नाई. पन हासनं म्हंजे भरोसा नव्हे, हे केसरबाईले चांगलं मालूम होतं. हासून लोकं घरी जातीन, अन् उद्या पुन्हा रस्त्याच्या पल्ल्याडून चालतीन. नानाजी कमिटीच्या मानसायसंगं कुजबुजू लागला. कॉलनीचे दोन-तीन पुढारी माना हालवत होते, अन् त्या माना आडव्या हालत होत्या.

तवा गर्दी मधातून फाटली. रिना मॅडम आली. हातात रिकामी थैली. जिच्यापायी हे सारं झालं ती आली म्हनल्यावर साहेब बी बाजूले झाले. ती केसरबाईच्या पोत्यापुढं उभी राह्यली अन् म्हनली, "मला द्या."

गोविंदा हळूच बोलला का केसरबाई, दे, पटकन दे. नानाजीच्या जिवात जीव आला. हिनं घेतलं का मिटलं.

केसरबाईनं तराजू उचलला नाई. "कसा रांधसान?" म्हने.

रिना सांगू लागली, शाळेतल्या पोरीवानी, हात पाठीमांगं. सोलीन. पातळ चिरीन. रात्रभर पाण्यात ठेवीन. सकाळी पाणी फेकीन. मग उकळीन आणि तेही पाणी फेकीन.

"भिजवल्याचं पानी किती डाव फेकसान?"

"एकदा."

"नाई देत," केसरबाई म्हने.

ज्या एका गिऱ्हाइकानं तिची जागा वाचली असती, तिलेच तिनं नाई म्हनलं. गोविंदा मटकन आलूच्या ढिगावर बसला. नानाजीनं खुर्ची धरली. रिनाचे कान लाल झाले. तिनं केसरबाईकडे पाह्यलं, अन् केसरबाईनं तिच्याकडे, अन् दोघीतली एक बी नजर खाली गेली नाई.

मंग रिना म्हनली, "दोनदा. उकळल्यावर तिसऱ्यांदा."

"उकळताना झाकन?"

"ठेवायचं नाही."

"काऊन?"

"ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"वाफेसंगं जहर निंघून जाते, म्हनून. आता सांगतलं." अन् केसरबाईनं तराजू उचलला. तोलून वास्ते थैलीत टाकले, वरून एक बी कोंब जास्तीचा टाकला नाई. रिना खाली वाकली, केसरबाईच्या डब्यातला एक तुकडा उचलला अन् तोंडात टाकला. चारशे फोन तिच्या तोंडावर लागले. ती चावत राह्यली.

"कडू नाहीये," ती म्हनली.

सासूनं क्वार्टरच्या खिडकीतून हे पाह्यलं अन् खिडकी लावली ते सांगाव लागते. सारेच काई खुश झाले नाई. पन कॉलनीतल्या बायायपैकी एक पुढं आली, मंग दुसरी आली, अन् केसरबाई एकेकीले पुसू लागली. कमिटीच्या लोकायनं एकमेकाकडे पाह्यलं. नानाजी म्हनला का जी बाई गिऱ्हाइकाले नाई म्हनू शकते तिले उठवून आपन कोनाले बसवाचं? अन् त्यानं कॉलनीच्या पुढाऱ्यायले विचारलं, तं त्यायच्या बाया वास्त्याच्या लाइनीत उभ्या होत्या.

केसरबाई उठली नाई.

त्या दिवशी मोठं पोतं काई सरलं नाई. सहा जनी पास, अकरा नापास. अर्ध्याच्या वर वास्ते तसेच राह्यले, ते तिनं घरी आनून सुकवाले टाकले. लहानू म्हने, असा धंदा म्या पाह्यला नाई का गिऱ्हाइक उभं अन् दुकानदार देत नाई. तिनं त्याले चाळनी हातात देल्ली. पुढच्या रविवारी चौदा पास झाल्या. तवर बायायले चटक लागली होती. त्या गोविंदाले बी पुसू लागल्या, टमाटा कुठचा, फवारनी कधी झाली, किती दिवस झाले. गोविंदाले काई मालूम नव्हतं. त्याले शेतकऱ्याले फोन लावाव लागला, अन् शेतकऱ्यानं जे सांगतलं ते आयकून त्यानं एक कॅरेट परत पाठवलं. केसरबाईले त्यानं लय शिव्या देल्ल्या, पन तोंडातल्या तोंडात, कारन ती बाजूलेच बसली होती.

पोटवाले साहेब दोनदा नापास झाले. तिसऱ्या डावी तळहातावर लिहून आले, तं केसरबाईनं मूठ उघडाले लावली. चौथ्या डावी पास झाले, अन् आता ते लाइनीत उभं राहून नवीन बदली होऊन आलेल्यायले शिकवतात का पानी किती डाव फेकाचं, जसं त्यायच्या आजीनंच त्यायले शिकवलं.

आता एवढी मोठी शपथ घेतली म्हनून एक कबूल कराव लागते. रविवारी गंज उघडताना केसरबाईचा हात जरा बी हालला नाई असं सांगतलं, तेवढं पदरचं घातलं. लय थरथरला. डब्याचं झाकन दोनदा हातून सुटलं, दुसऱ्या डावी घरंगळत नानाजीच्या चपलेजवळ गेलं, अन् त्यानं ते उचलून देल्लं तवा तिच्या बांगड्या वाजत होत्या. तरी तिनं घास तोंडाशी नेलाच.